तू हो म्हणाली होतीस

फोटो निघेना. समोर एक वयस्कर गृहस्थ नवी फ्रेम लावून ताठ बसले होते, ती फोन धरून पुन्हा पुन्हा बटण दाबत होती आणि पडद्यावर एकच ओळ उमटत होती: जागा शिल्लक नाही. चष्म्याच्या दुकानात हा फोटो लागतोच. ज्यांचा नंबर मोठा त्यांना नुसती फ्रेम लावून आरशात आपला चेहरा दिसत नाही, कुणीतरी धुरकट माणूस दिसतो. म्हणून ती फोटो काढायची, मग त्यांचा जुना चष्मा त्यांच्या हातात द्यायची आणि दाखवायची, बघा, असे दिसता तुम्ही. इतक्या वर्षांत तिला ठाऊक झालं होतं की या फोटोकडे बघताना माणसं आधी जराशी बिचकतात. "एक मिनिट हं," ती म्हणाली आणि घाईघाईने जुने फोटो काढून टाकायला लागली, अनोळखी लोकांचे चेहरे, लाल फ्रेम, काळी फ्रेम, एक भाचीचा वाढदिवस. पुन्हा बटण दाबलं. जागा शिल्लक नाही. गृहस्थ अंदाजाने तिच्या दिशेने बघत म्हणाले, "राहू द्या हो. मी दुपारी परत येतो. बायकोलाच घेऊन येतो, तिला तरी दिसेल." त्यांच्या बोलण्यात चिडचिड नव्हती, तरी तिचे कान तापले. दुसऱ्याला स्पष्ट दाखवायचं हाच आपला धंदा, आणि आपल्याच हातातलं यंत्र असं तोंडघशी पाडतं.

जेवणाच्या सुट्टीत दुकानाचं काचेचं दार लोटून, आतल्या छोट्या खोलीत काचा घासायच्या मशीनशेजारी बसून तिने नवऱ्याला फोन लावला. त्याला फोनमधलं कळायचं, निदान कळतं असं तो मानायचा. "सगळे फोटो उडवले, व्हिडिओ उडवले, तरी भरलेलाच दाखवतोय," ती म्हणाली. "लपलेलं असेल काहीतरी," तो म्हणाला. "फाइल्समध्ये जा. वर तीन टिंबं आहेत, दिसली? तिथे 'लपवलेल्या फाइल दाखवा' म्हणून आहे, ते चालू कर. मग कुठलं फोल्डर सगळ्यात गलेलठ्ठ आहे बघ आणि उडव." "काही महत्त्वाचं गेलं तर?" "अगं, महत्त्वाचं असतं तर तुला माहीत नसतं का?" तो हसला आणि त्याला दुसरा फोन आला. तिने टिंबं दाबली. पडद्यावर फिकट रंगाची फोल्डरं उगवली, जुन्या भिंतीवर ओल यावी तशी. त्यातलं एक खरोखरच गलेलठ्ठ होतं. आत फक्त ध्वनिफिती होत्या, शेकडो, आणि प्रत्येकीवर एक नाव आणि तारीख. काचवाला. काचवाला. बँक. आई. आई. काचवाला. आई.

तेव्हा तिला आठवलं. काचांचा पुरवठादार चुकीच्या नंबरच्या काचा पाठवायचा आणि वर म्हणायचा, ताई, फोनवर तुम्हीच असं सांगितलंत. दोनदा तिने निमूट सोसलं. तिसऱ्यांदा चिडून फोनमध्ये बोलणं आपोआप नोंदवायची सोय चालू केली, आणि पुढच्या वेळी त्याचाच आवाज त्याला ऐकवला. काय बोलती बंद झाली होती त्याची. कितीतरी दिवस ती हा किस्सा रंगवून सांगायची. मग विसरली. ती सोय फक्त काचवाल्यापुरती आहे असं तिने कधीतरी गृहीत धरलं होतं, आपण शहाणपणाने लावलेला सापळा फक्त दुसऱ्याच्याच पायासाठी असतो असं माणसं धरून चालतात तसं.

सहज म्हणून तिने एक 'आई' दाबली. आधी मशीनची घरघर आली, मग एका बाईचा आवाज, "हं, बोल." तिला क्षणभर कळलंच नाही की ही बाई कोण. आवाज सपाट होता, कुठल्याशा कचेरीच्या खिडकीमागून यावा तसा, पुढचा माणूस कधी एकदा बाजूला होतो याची वाट बघणारा. आई म्हणत होती की वरच्यांच्या नळाचं पाणी परत भिंतीत उतरलंय. "हं," बाई म्हणाली. आई म्हणाली, पाय जरा बरा आहे. "हं. छान." मग कप्पा उघडल्याचा आवाज, काचांच्या पाकिटांची सळसळ, आणि आईचं वाक्य अर्धं असतानाच बाई म्हणाली, "चल, ठेवू?" तिने फीत बंद केली. रोज न चुकता आईशी फोनवर बोलते मी, असं ती सगळ्यांना सांगायची. नणंदेला, शेजारणीला, गिऱ्हाइकांनासुद्धा. ते खोटंही नव्हतं. रोजच्या फिती इथे होत्या.

मग ती तारखा शोधायला लागली, आणि शोधायला लागल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण नेमकं काय शोधतोय ते बोटांना आधीच कळलं होतं. टेबल. बाबांनी खोक्याच्या लाकडातून केलेलं तिचं अभ्यासाचं टेबल, ज्याच्या पुढच्या काठाला पेन्सिल गडगडून पडू नये म्हणून त्यांनी एक बारीक पट्टी ठोकली होती. गेल्या वर्षी ती आईकडे गेली तेव्हा खिडकीखालची जागा रिकामी होती, जमिनीवर चार पायांचे चार फिकट चौकोन. "टेबल कुठंय?" "दिलं ना. तुला विचारून दिलं." "मला? कधी?" "फोनवर विचारलं होतं. तू हो म्हणाली होतीस." त्यावर ती जे बोलली ते बोलणं तिला अजून शब्दन्‌शब्द पाठ होतं, कारण तेव्हा आपण बरोबर आहोत याची तिला इतकी खात्री होती की बोलताना एक प्रकारचं सुख वाटत होतं. तू मला काहीही विचारलेलं नाहीस आई. तू मनातल्या मनात विचारतेस आणि मनातल्या मनात मी हो म्हणते. आई तिच्याकडे बघत राहिली होती. मग हळूच म्हणाली होती, "मला तर चांगलं आठवतंय गं." तेव्हापासून असं व्हायलाच लागलं. मावशीच्या ऑपरेशनची तारीख आई म्हणायची सांगितली, ती म्हणायची नाही सांगितली. विजेच्या माणसाला बोलावू का, हे आई म्हणायची विचारलं, ती म्हणायची नाही विचारलं. तिने दादाला फोन करून गंभीर आवाजात सांगितलं, "आईचं काही खरं नाही. विसरायला लागलीये." त्या गंभीरपणाचाही तिला कुठेतरी अभिमान होता. लक्षात तिच्या आलं होतं, दादाच्या नाही.

फीत सापडली. आधी तिचा स्वतःचा आवाज, फोनपासून लांब, गोड, कुणाला तरी म्हणणारा, "थोडं वर बघा… हनुवटी खाली… छान." मग आई. "माऊ, ऐकतेस ना? तुझं ते टेबल आहे ना, बाबांनी केलेलं. खालच्या मजल्यावरची मुलगी परीक्षेला बसतेय. जमिनीवर बसून लिहिते गं, पाठ मोडते तिची. तिला देऊ का? तू म्हणालीस तरच." "हं. हो, हो. दे ना." "बघ हं, नंतर म्हणशील." "नाही म्हणत गं आई." मशीनची घरघर. "चल, ठेवू?" सगळं मिळून मिनिटभरही नाही. ती बसल्या जागी गरम झाली, मानेपासून वर, चोरी पकडलेल्या पोरासारखी, आणि खोलीत कुणी नसताना तिने पदराने तोंड पुसलं. तिला हे बोलणं आठवत नव्हतं. अजूनही, ऐकल्यावरही, आठवत नव्हतं. डोक्यात त्या जागी काहीच नव्हतं, जमिनीवरच्या चौकोनांइतकंही नाही. म्हणजे विसरत कोण होतं?

मावशीची तारीख सापडली. विजेचा माणूस सापडला. सगळं विचारलेलं होतं, सांगितलेलं होतं, काही गोष्टी दोनदा, आणि प्रत्येक ठिकाणी ती बाई "हं" म्हणत होती. तिला डॉक्टरांची खोली आठवली. आईने निळी साडी नेसली होती, पाहुण्यांकडे जायची. डॉक्टरांनी आईला कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं तेव्हा आईचा हात इतका कापत होता की वर्तुळ जुळेना. आणि त्याआधी डॉक्टरांनी तिला विचारलं होतं, काय काय विसरतात, उदाहरणं द्या. तिने दिली. टेबलापासून सुरुवात केली. चांगली मांडून, एकामागून एक, आणि आई शेजारच्या खुर्चीत बसून ऐकत होती, मान हलवत होती, होय, होय, असं झालं असेल. डॉक्टर म्हणाले, सुरुवात असू शकते, लक्ष ठेवा, त्यांना विरोध करू नका. गोळ्या सुरू झाल्या. त्यानंतर आई वाद घालेनाशी झाली. "असेल गं. विसरले असेन," एवढंच म्हणायची. हळूहळू फोनवर प्रश्न आला की आधी थांबायची, जणू आपलं उत्तर कुणाकडून तरी तपासून आणायचंय. दादाने ठरवलं, आईला एकटं ठेवायचं नाही, त्याच्याकडे न्यायचं, घर विकायचं. आईने मान डोलावली. सामान पुढच्या आठवड्यात हलणार होतं.

आणखी एक फीत तिने दाबली, का ते तिला सांगता आलं नसतं, कारण आता पुरे झालं होतं. या खेपेला सुरुवातीलाच ती बाई म्हणाली, "आई, धर जरा, गिऱ्हाईक आलंय," आणि फोन टेबलावर ठेवल्याचा ठक आवाज आला. मग नुसती वाट बघणं. लांबून दुकानातलं बोलणं, हसणं. जवळून आईचा श्वास. आणि मग अगदी हलक्या आवाजात, कुणी ऐकत नाही अशा समजुतीने, आई म्हणायला लागली, "खिडकी. लिंबू. घोडा." थांबली. "खिडकी, लिंबू, घोडा… आणि… आणि… थांबा, सांगू नका, आठवतं मला." डॉक्टरांनी लक्षात ठेवायला सांगितलेले शब्द होते ते. तपासणीला कितीतरी दिवस होऊन गेले होते. "रुमाल," आई म्हणाली, आणि जरा वेळाने, खूष होऊन, "पूल." पुन्हा पहिल्यापासून. आई तिकडे एकटी, कानाला फोन लावून, परीक्षेची तयारी करत होती. मग खरखर झाली आणि बाई परत आली. "हं, बोल आई, पटकन." "काही नाही गं. सहज केला होता," आई म्हणाली.

दारावर टकटक झाली. सकाळचे गृहस्थ बायकोला घेऊन काचेपलीकडे उभे होते, हात उंचावून, अजून सुट्टी संपायची आहे का असं खुणेने विचारत. ती इतकी दचकली की फोन हातातून सुटता सुटता राहिला. फोल्डर उघडंच होतं. त्यांना तिथून काहीही दिसत नव्हतं, तरी तिला वाटलं की आपण उघड्यावर आहोत. नवऱ्याने हा फोन कधीतरी हातात घेतला तर. मुलीने घेतला तर. दादाने ऐकलं तर. तिने 'सर्व निवडा' दाबलं. फोनने विचारलं, कायमचं काढायचं? परत मिळणार नाही. तिने हो म्हटलं. यावेळी मात्र पूर्ण लक्ष देऊन, विचारलेलं नीट ऐकून हो म्हटलं. एक निळी रेघ डावीकडून उजवीकडे सरकत गेली, काचवाला, बँक, आई, आई, आई, आणि फोल्डर रिकामं झालं. ती उठली, दार उघडलं, गृहस्थांना बसवलं, फ्रेम लावली. फोटो झटकन निघाला. बायकोने वाकून पाहिलं आणि म्हणाली, "बरे दिसताय की. उगाच घाबरत होता."

घरी नवऱ्याने विचारलं, झाली का जागा? तिने हो म्हटलं. "काय होतं एवढं?" "जुनं काहीतरी. काचवाल्याचं." हे खोटं बोलताना तिला कळलं की आजपर्यंतचं सगळं नकळत झालं होतं, पुसणं आणि हे खोटं मात्र कळून सवरून. दादाला फोन करावा असं मनात आलं. पण काय सांगणार? पुरावा होता, तो मी पुसला? नाही सांगितलं तरी काही बिघडत नव्हतं. आई सुखात राहील दादाकडे. वय झालंच आहे. आज ना उद्या विसरायला लागेलच. हा शेवटचा विचार स्वतःचाच आहे हे लक्षात आल्यावर ती भांडी घासता घासता थांबली, नळ तसाच वाहत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून ती बसने आईकडे गेली. दोन जिने चढून घंटी वाजवली. आईने दार उघडलं आणि तिला बघून चेहऱ्यावर आनंद यायच्या आधी भीती आली. "आज यायची होतीस तू? मला सांगितलं होतंस का?" "नाही आई. सांगितलं नव्हतं." "नक्की ना? नाहीतर माझ्याच…" "नक्की. मी आयत्या वेळी निघाले." आई बाजूला झाली. खोलीत खोकी रचलेली होती, अर्धी बांधलेली. "दादा म्हणाला, तू नको बांधूस, गोंधळ होईल," आई म्हणाली. "म्हणून नुसती बघत बसते. चहा करू का? गॅस मी नंतर बंद करते बरं का आठवणीने. हवं तर तू बघ." ती खोक्यावर बसली. बसमध्ये तिने सुरुवातीची वाक्यं जुळवून ठेवली होती, ती सगळी ऐनवेळी उगाच सजवलेली वाटली.

"आई, टेबलाचं तू मला विचारलं होतंस."

"जाऊ दे ना आता ते टेबल."

"विचारलं होतंस. मी हो म्हणाले होते. मावशीची तारीखही सांगितली होतीस. विजेच्या माणसाचंही. सगळं सांगितलं होतंस."

आई हसली, आजारी माणूस भेटायला आलेल्याला बरं वाटावं म्हणून हसतो तसं. "तुला कुणी सांगितलं असं बोलायला? डॉक्टरांनी ना? म्हणाले होते ते, विरोध करू नका."

तिने फोनचं सांगितलं. काचवाल्यापासून सगळं सांगितलं, कारण मधून कुठूनही सुरुवात करता येत नव्हती. आई उभीच होती, चहाचं भांडं हातात. "म्हणजे माझा आवाज आहे त्यात?" "होता." "मग ऐकव की." "नाहीये आता. मी पुसलं." "का?"

फोनमध्ये जागा नव्हती, हे उत्तर तिच्या ओठांवर तयार होतं. खरंही होतं. मुळात तिथूनच तर सगळं सुरू झालं होतं, कुणीही मान्य केलं असतं. तिने खाली पाहिलं. खिडकीखालचे फिकट चौकोन आता खोक्यांनी झाकले गेले होते. "कुणी ऐकेल म्हणून," ती म्हणाली. "मी तुझ्याशी कशी बोलते ते. मलाच ऐकवेना. काल दुपारी ऐकलं आणि लगेच पुसून टाकलं. तुला सांगायच्या आधी पुसलं. दादाला कळू नये म्हणून पुसलं."

आईने भांडं ओट्यावर ठेवलं.  मग म्हणाली, "काय म्हणाले होते मी टेबलाचं? सांग." आवाज वेगळा होता, ती शाळेत असताना आई गृहपाठ विचारायची तेव्हाचा.

"खालच्या मजल्यावरची मुलगी परीक्षेला बसतेय म्हणालीस. जमिनीवर बसून लिहिते, पाठ मोडते तिची. देऊ का, तू म्हणालीस तरच. मी म्हटलं, हो, हो, दे ना. मग तू म्हणालीस, बघ हं, नंतर म्हणशील. मग मी…"

"नाही म्हणत गं आई," आई म्हणाली. "असं म्हणालीस तू." ती खिडकीकडे बघत होती. "आणि तिकडे काहीतरी घरघरत होतं. मला वाटलं, नीट ऐकू आलं असेल ना हिला. म्हणून परत विचारावं म्हटलं, पण तू फोन ठेवलास." ती हळूहळू खुर्चीवर बसली. "मला आठवत होतं, माऊ. सगळं आठवत होतं. तुम्ही सगळे नाही म्हणायला लागलात म्हणून मग मी… रोज सकाळी उठल्यावर आधी स्वतःचं नाव म्हणून बघायची मी. येतं का ते." ती रडली नाही. माऊला वाटलं रडेल, आणि रडली असती तर तिला जवळ जाता आलं असतं, हात धरता आला असता, काहीतरी करता आलं असतं. आई नुसती बसून राहिली आणि तिचा चेहरा आवळत गेला, जुन्या फोटोंमधल्यासारखा, जेव्हा बाबासुद्धा तिला दबकून असायचे.

"गोळ्यांचं डॉक्टरांना विचारू आपण," माऊ म्हणाली. "मी वेळ घेते त्यांची."

"मी घेईन. मीच जाईन. तू येऊ नकोस बरोबर." आईने हात पुढे केला. "दादाला फोन लाव."

दादा कामात होता. आईने त्याला कामातून उठवलं, दार लावून घ्यायला सांगितलं, मग म्हणाली, "घराचं थांबव. मी येत नाहीये." तिकडून काहीतरी लांबलचक समजावणं सुरू झालं, तिचा आवाज तसाच राहिला. "ते तुला माऊ सांगेल. का, कसं, सगळं. तिच्याकडूनच ऐक." फोन तिच्या हातात आला. दादा म्हणत होता, अगं काय चाललंय, बरी आहे ना ती? तिने सांगितलं. आई समोर बसून ऐकत होती आणि कुठे तिने शब्द गिळला की "नीट सांग" म्हणत होती. पुसल्याचंही तिने सांगितलं. "मी तुझ्या भरवशावर घर विकायला काढलं गं," दादा म्हणाला. 

फोन ठेवल्यावर तिने उठून एका खोक्याची दोरी सोडायला घेतली. "भांडी काढून लावू का परत?" "राहू दे," आई म्हणाली. "मी लावीन. कुठे काय होतं ते मला माहीत आहे." मग जरा थांबून, "तू जा आता."

"आई, मी राहते आज. दुकान बंद ठेवलंय मी."

"नको. राग आलाय मला. कितीतरी दिवसांत आला नव्हता. काहीही झालं तरी वाटायचं, चूक आपलीच असणार, मग राग धरायचा कुणावर? आता आलाय, तर राहू दे जरा माझ्यापाशी. तू बसलीस की तुझं तोंड बघून जाईल तो."

तिने पर्स घेतली. दाराबाहेर वाकून चपलेचा पट्टा लावताना तिला वाटलं आई काहीतरी म्हणेल, पोचल्यावर फोन कर म्हणेल, नेहमीसारखं.  दार लागलं, कडी सरकली. आतून खोकं ओढल्याचा आवाज आला, मग कागदाची चुरगळ, मग एकेक भांडं फळीवर ठेवल्याचा. माऊ जिन्यात उभी राहून ऐकत होती. मधेच आत सगळं थांबलं, आई काहीतरी आठवत असावी. मग पुन्हा भांडं वाजलं, आणि ते कुठल्या फळीवर गेलं हे तिला बाहेरूनही कळलं.